वणव्याचा मनोरा आणि तिथला रात्रीचा मुक्काम

(बी. ए. भाग दोन)

मनोरा म्हटले की कुणाला कुतुबमिनार आठवतो, कुणाला समुद्रकाठचे दीपगृह. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला मनोरा या दोहोंच्या जातीचा नव्हे. तो लाकडाचा किंवा लोखंडी पायांचा, डोंगरमाथ्यावर एकटा उभा असलेला, आणि वर जेमतेम एक खोली असलेला असा आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील वॉशिंग्टन, ओरेगॉन, आयडाहो, माँटाना, कॅलिफोर्निया या राज्यांत तेथील वनखात्याने वणव्यावर नजर ठेवण्यासाठी असे मनोरे बांधले. एके काळी त्यांची संख्या काही हजारांवर होती. पुढे त्यांतले पुष्कळ ओस पडले, कित्येक खात्यानेच उतरवले किंवा जाळून टाकले. थोड्यांवर आजही उन्हाळ्यात राखणदार बसतो. आणि काही मनोरे असे आहेत की, आगाऊ नोंदणी करून भाडे भरले की कोणालाही तिथे रात्रीचा मुक्काम करता येतो. काही ठिकाणी तर उन्हाळ्यात राखणदार आणि हिवाळ्यात, बर्फातून चालत येणारे पाहुणे, अशी एकाच खोलीची वाटणी आहे.

मी अमेरिका पाहिलेली नाही. विमानही जवळून पाहिलेले नाही. पण जंगलातल्या आगीशी माझा संबंध जन्मापासूनचा आहे. तो कसा, हे पुढे येईलच. भूगोलाच्या तासाला दिगंश आणि छेदनपद्धती शिकताना सरांनी या मनोऱ्यांचा उल्लेख केला आणि मी त्याच्या मागे लागलो. त्या वाचनातून माझे एक मत बनले. जो पाहुणा या खोलीत रात्र काढतो त्याला वाटते की आपण एकांतात, निसर्गाच्या मांडीवर राहिलो. वस्तुतः तो कुणाच्या तरी कामाच्या जागी झोपलेला असतो. त्या खोलीतील एकही वस्तू शोभेसाठी नाही, आणि ती वस्तू कशासाठी आहे हे कळले तरच तिथला मुक्काम कळला असे म्हणता येईल.

प्रथम ती खोली पाहू. १९२९ नंतर बहुतेक ठिकाणी एकच नमुना वापरला गेला. त्याचे सरकारी नाव ‘एल-४’. लांबी चौदा फूट, रुंदी चौदा फूट. आपल्या वसतिगृहाची खोली यापेक्षा फार लहान नाही, फक्त आपण तिच्यात तिघे राहतो. लाकूड कारखान्यात मापाने कापून, गठ्ठे बांधून, खेचरांच्या पाठीवरून डोंगरावर न्यायचे आणि वर नेऊन जोडायचे, अशी पद्धत होती. म्हणूनच कोणताही तुकडा खेचराला न पेलेल इतका मोठा नसे. १९३३ पासून १९४२ पर्यंत महामंदीतल्या बेकार तरुणांची ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ नावाची फळी सरकारने उभी केली होती, तिच्या हातून यांतले खूप मनोरे आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा तयार झाल्या. आपल्याकडच्या रोजगार हमीची आठवण व्हावी असाच तो प्रकार.

खोलीला चारी बाजूंनी खिडक्या. भिंत म्हणून जी आहे ती कमरेपर्यंत, तिच्यावर सगळी काच. खाट, टेबल, चूल, लाकडाची पेटी हे सर्व ठेंगणे, काचेच्या खालच्या कडेच्या वर काही येणार नाही असे. फळ्यांवर डबे रचून ठेवायची सोय नाही, कारण डबा दिसला म्हणजे डब्यामागचा डोंगर दिसला नाही. खिडक्यांबाहेर लाकडी झडपा असतात. उन्हाळ्यात त्या वर उचलून टेकू दिला की छपरासारखी सावली पडते आणि डोळ्यांवर उन्हाची तिरीप येत नाही. हिवाळ्यात राखणदार उतरून गेला की त्याच झडपा खाली पाडून काचा झाकतात. खोलीभोवती अरुंद सज्जा असतो आणि जिना सज्जातल्या एका भोकातून वर येतो. रात्री त्या भोकावर फळीचे दार टाकावे, नाही तर झोपेत बाहेर पडलेला माणूस थेट खाली जाण्याचा धोका.

नळ नाही, वीज नाही. पाणी खालच्या झऱ्यावरून पाठीवर आणायचे, शौचकूप मनोऱ्याच्या पायथ्याशी. भाड्याने राहणाऱ्यालाही पाणी, अंथरूण, शिधा स्वतःच वाहून न्यावा लागतो. चाळीस फुटांच्या जिन्याने दर वेळी वर-खाली करणे ज्याला जड जाते त्याने या भानगडीत पडू नये, असे मी म्हणेन. काही मनोऱ्यांवर सामान ओढून घ्यायला कप्पी असते. वारा सुटला की सगळी खोली किंचित हलते. लोखंडी तारांनी ती जमिनीला ताणून बांधलेली असते, त्या तारा वाऱ्यात वाजतात, आणि पहिल्या रात्री पाहुण्याला झोप येत नाही ती बहुधा याच आवाजाने.

आता खोलीच्या मधोमध असलेल्या वस्तूकडे वळू. हा सगळा मनोरा जिच्यासाठी उभारला ती वस्तू हीच.

तिचे नाव ऑस्बर्न फायर फाइंडर. विल्यम ऑस्बर्न या वनखात्यातल्याच माणसाने ते यंत्र १९११ च्या सुमारास तयार केले आणि पुढे सुधारत नेले. रचना इतकी साधी की आपल्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत पुठ्ठ्याचे करून पाहता येईल. एका गोल तबकडीवर आजूबाजूच्या मुलखाचा नकाशा चिकटवलेला. नकाशाच्या बरोबर मध्यबिंदूवर तो मनोरा. नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेला कायमची जुळवलेली. तबकडीभोवती फिरणारे एक कडे, त्यावर शून्य ते तीनशे साठ अंशांच्या खुणा. कड्याच्या एका बाजूला बारीक फट, समोरच्या बाजूला उभा ताणलेला घोड्याचा केस. फटीतून पाहात कडे असे फिरवायचे की केस आणि दूरचा धूर एका रेषेत यावेत. मग अंश वाचायचा. हा झाला धुराचा दिगंश. खोलीच्या कोपऱ्याचा खांब नेमका मध्ये आला तर काय, ही शंका मला वाचतानाच आली होती. त्याचीही तजवीज आहे. सगळे यंत्र रुळांवर बसवलेले असते, थोडे बाजूला सरकवले की खांब टळतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एका मनोऱ्यावरून मिळते ती केवळ दिशा. धूर त्या रेषेवर पाच किलोमीटरवर आहे की पंधरा, हे रेषा सांगत नाही. राखणदाराला आपला मुलूख पाठ असेल तर तो अमक्या धारेच्या अलीकडे, तमक्या ओढ्याच्या पलीकडे असा अंदाज करतो. पण दुसऱ्या मनोऱ्यानेही तोच धूर पाहिला तर काम सोपे होते. समजा ‘अ’ हा मनोरा आहे आणि त्याच्या बरोबर पूर्वेस १० किलोमीटरवर ‘ब’ आहे. ‘अ’ ला धूर ४५ अंशांवर दिसतो, ‘ब’ ला ३१५ अंशांवर. नकाशावर दोन्ही रेषा ओढा. त्या ‘अ’ पासून ५ किलोमीटर पूर्वेला आणि तेथून ५ किलोमीटर उत्तरेला एकमेकींना छेदतात. आग तिथे. आपण वर्गात छेदनपद्धतीची उदाहरणे सोडवतो ती हीच, फक्त आपल्या उदाहरणात देवळाचा कळस असतो.

दोष किती राहतो तेही काढून पाहावे. दिगंश वाचताना एका अंशाची चूक झाली तर १० किलोमीटर अंतरावर रेषा सुमारे १७५ मीटर बाजूला जाते, ३० किलोमीटरवर अर्ध्या किलोमीटरहून अधिक. रात्रीच्या अंधारात, चढणीवर, पाठीवर कुदळ-फावडी घेऊन निघालेल्या माणसांना अर्धा किलोमीटर म्हणजे काय, हे नकाशावर कळत नाही.

आणखी एक वस्तू या खोलीत हमखास असते, ती पाहून नवखा पाहुणा बुचकळ्यात पडतो. एक ठेंगणे लाकडी स्टूल, त्याच्या चारी पायांना जाड काचेचे गट्टू. हे गट्टू टेलिफोनच्या खांबावर तारेसाठी वापरतात तसे वीजरोधक. मनोरा म्हणजे सगळ्या मुलखातला सर्वांत उंच बिंदू, तेव्हा वीज पडायची ती प्रथम त्यावर. छपरावर वीजवाहक दांडा आणि चारी कोपऱ्यांवरून जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारा असतात. तरीही गडगडाट जवळ आला की राखणदाराने चूल, टेलिफोन, खाटेचे लोखंड कशालाच हात न लावता या काचपायी स्टुलावर उभे राहावे, अशी रीत होती. गंमत अशी की त्याच वेळी त्याला सर्वांत महत्त्वाचे काम करायचे असते. पश्चिम अमेरिकेच्या डोंगराळ जंगलांत कितीतरी आगी विजेने लागतात. वीज कुठे कुठे पडली हे वादळ चालू असतानाच टिपून ठेवले पाहिजे.

रात्रीच्या मुक्कामाचा खरा अर्थ येथे आहे. दिवसा राखणदार धूर शोधतो. रात्री धूर दिसत नाही, पण वीज पडलेली जागा दिवसापेक्षा स्पष्ट दिसते, आणि पेट घेतलेले झाड लालसर ठिपक्यासारखे उमटते. म्हणून वादळी रात्री तो यंत्रापाशी उभा राहून प्रत्येक विजेचा दिगंश वहीत लिहितो. पाऊस येतो, ठिपके विझतात, वादळ पुढे जाते. काम संपले असे मात्र नव्हे. विजेने फोडलेल्या जुन्या झाडाच्या पोकळ गाभ्यात निखारा कित्येक दिवस धुमसत राहू शकतो. अशा आगीला तेथील लोक ‘झोपलेली’ म्हणतात. ऊन चढले, वारा सुटला की ती उठते. तेव्हा दुसऱ्या सकाळी, तिसऱ्या सकाळी, आठवड्यानंतरच्या सकाळीदेखील वहीतल्या त्याच अंशांवर कडे फिरवून पाहात राहायचे.

सकाळ फसवी असते. पावसानंतर दऱ्यांतून धुक्याचे पुंजके उठतात आणि ते हुबेहूब धुरासारखे दिसतात. त्यांना तिकडच्या बोलीत ‘पाण्याची कुत्री’ असे नाव आहे. पुंजका जागेवरून सुटतो, विरळ होतो, ऊन लागले की नाहीसा होतो. धूर एकाच बिंदूतून पुन्हा पुन्हा वर येतो आणि त्याला निळसर झाक असते. याशिवाय कच्च्या रस्त्यावरून गेलेल्या गाडीची धूळ, आणि पाइनच्या झाडांवरून एकदम उडालेला पराग हेही धुराची बतावणी करतात. नवा राखणदार पहिल्या आठवड्यात धुक्याचीही वर्दी देतो. पुढे पुढे तो शिकतो की वाट पाहणे हेही कामच आहे, पण किती वाट पाहावी हे कोणी लिहून दिलेले नसते.

हे मनोरे इतक्या संख्येने का उभारले गेले, त्यामागे एक भयंकर घटना आहे. अमेरिकेचे वनखाते १९०५ मध्ये स्थापन झाले. पाचच वर्षांनी, २० व २१ ऑगस्ट १९१० या दोन दिवसांत, आयडाहो, माँटाना आणि वॉशिंग्टनच्या सीमाभागात झंझावाती वाऱ्याने शेकडो लहान आगी एकत्र केल्या आणि सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले. ८५ च्या आसपास माणसे मेली, त्यांतली बहुतेक आग विझवायला गेलेली होती. ‘थोरली आग’ या नावाने ती ओळखली जाते. खात्याने धडा घेतला तो असा की आग लहान असतानाच गाठली पाहिजे, आणि त्यासाठी ती लहान असतानाच दिसली पाहिजे. १९३५ मध्ये तर नियमच झाला की कोणत्याही आगीची वर्दी मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आली पाहिजे. हे धोरण १९७८ मध्ये सोडून दिले गेले. कारण दरम्यान एक उलटा परिणाम ध्यानात आला होता. तेथील कोरड्या पाइन जंगलांत पूर्वी दर काही वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग फिरत असे, मूळ रहिवासी जमाती मुद्दामही ती लावत. त्या आगीत पालापाचोळा, झुडपे जळत आणि मोठी झाडे वाचत. प्रत्येक ठिणगी विझवत गेल्याने जळणाचा साठा वाढत गेला, आणि नंतर लागलेली आग शेंड्यापर्यंत चढू लागली. राखणदाराने आपले काम चोख केले, म्हणून हे घडले. हा दोष त्याचा म्हणता येणार नाही. वर्दी द्यायची एवढेच त्याच्या हाती होते, पुढचा निर्णय दुसऱ्यांचा.

या राखणदारांत एक नाव मला फार आवडले. हॅली डॅगेट. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ राष्ट्रीय वनात एडी गल्चच्या माथ्यावर तिची नेमणूक झाली. वनखात्यात राखणदार म्हणून नेमली गेलेली ती पहिली स्त्री. बाई माणूस एकटी राहील का, टेलिफोनवर घाबरून बोलेल का, अशा शंका होत्याच. पहिल्या हंगामात तिने सुमारे चाळीस आगींची वर्दी दिली आणि त्या सर्वांत मिळून पाच एकरांपेक्षाही कमी जंगल जळाले. तिची बहीण आठवड्यातून एकदा घोड्यावरून शिधा पोचवी. पुढे ती चौदा-पंधरा हंगाम तिथे राहिली.

तरीही आज या मनोऱ्यांची प्रसिद्धी आहे ती हॅलीमुळे नव्हे, लेखक-कवींमुळे. गॅरी स्नायडर हा कवी १९५२ मध्ये क्रेटर पर्वतावर आणि १९५३ मध्ये सावरडो पर्वतावर राखणदार होता. त्याच्याकडून ऐकून जॅक केरुॲक १९५६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या डेझोलेशन शिखरावर गेला, ६३ दिवस एकटा राहिला, आणि त्यावर त्याने पुस्तकांतून लिहिले. ती पुस्तके वाचून माणसे आजही तो डोंगर चढतात. स्नायडर मजुरीची कामे केलेला माणूस होता, त्याला त्या कामाची लाज किंवा अपूर्वाई नव्हती. केरुॲकला एकांत हवा होता आणि तो मिळाल्यावर सोसला नाही असे दिसते. माझे मत विचाराल तर दोघांनीही उत्तम लिहिले असेल, पण त्यांनी लिहिले म्हणून मनोरा हा ध्यानाचा मठ ठरला, आणि दिगंश वाचणारी हजारो माणसे मागे पडली. पगारासाठी डोंगरावर बसलेल्या माणसाला एकांत हा भत्त्यात धरला जात नाही.

नंतर विमाने आली, उपग्रह आले, डोंगरांवर कॅमेरे बसले, आणि मनोरे एकामागून एक रिकामे झाले. भाड्याने देण्याची कल्पना त्यातून निघाली. मला ती वाईट वाटत नाही. ओस पडून कोसळण्यापेक्षा माणसाचा वावर बरा, आणि भाड्यातून डागडुजीही होते. फक्त पाहुण्याने एक करावे. मधले यंत्र जागेवर असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी ते फिरवून समोरच्या तीन शिखरांचे दिगंश स्वतः वाचावेत आणि कागदावर लिहावेत. रात्री दूरच्या गावांचे दिवे दिसतील, त्यांचेही वाचावेत. पहाटे उठून पुंजके बघावेत आणि कोणता जागेवर राहतो, कोणता सुटतो हे घड्याळ लावून पाहावे. एवढे केले तर चौदा फुटांच्या त्या खोलीत पैसे देऊन काय मिळाले हे कळेल.

आता आपल्याकडे येऊ. आमचे गाव मेळघाटच्या पायथ्याशी. माझे वडील गेली बरीच वर्षे उन्हाळ्यात फायर वॉचर म्हणून हंगामी मजुरीवर असतात. हिवाळा संपता संपता जाळरेषा साफ करायच्या, त्यांच्यावरचे गवत ठरवून जाळायचे, आणि मग पाऊस पडेपर्यंत टेकडीवर, मचाणावर किंवा जिथे नेमतील तिथे राखण करायची. आग दिसली की बीटच्या गार्डला कळवायचे आणि हिरव्या फांद्या तोडून झोडपायला धावायचे. अलीकडे पाचोळा उडवणारे ब्लोअर आले आहेत, ते पाठीला जड आहेत पण उपयोगी आहेत, असे बाबा सांगतात.

मचाण म्हटले की शहरातल्या वाचकांना बुद्धपौर्णिमेची रात्र आठवेल. त्या रात्री मेळघाटात नावनोंदणी केलेल्या निसर्गप्रेमींना पाणवठ्यावरच्या मचाणावर बसता येते. रात्रभर जागून प्राणी मोजायचे. हाही रात्रीचा मुक्कामच, पण अमेरिकेतल्या मनोऱ्याच्या बरोबर उलट. मचाण माणसाला लपवते, मनोरा त्याला काचेत उघडा ठेवतो. मचाणावरून नजर खाली पाण्याकडे असते, मनोऱ्यावरून ती तीस-तीस किलोमीटर लांब जाते. आमच्या बाबांना मात्र एकाच मचाणावरून दोन्ही करावे लागते.

परंतु खरा फरक उंचीचा नव्हे. अमेरिकेतला राखणदार विजेची वाट पाहतो. आपल्या पानगळीच्या जंगलात मार्च-एप्रिलमध्ये वीज क्वचितच आग लावते, आग लागते ती माणसाच्या हातून. मोहाची फुले पहाटे पडतात. खाली सागाचा, तेंदूचा पाचोळा असला तर ती वेचता येत नाहीत, म्हणून झाडाखाली पाचोळा पेटवून जमीन मोकळी करतात. पेटवणारा वाईट माणूस नसतो. त्याच्या घरची दोन महिन्यांची मिळकत त्या झाडाखाली पडलेली असते. तो विस्तव विझवूनही जातो, बहुतेक वेळा. एखाद्या वेळी वारा फिरतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे, आणि गुन्हा करणारा असतो बाबांचा मेहुणा, शेजारी, नाही तर बालपणीचा सोबती. हॅली डॅगेटला धुराखाली कोण आहे हे जाणून घ्यायची गरज नव्हती. बाबांना ते धूर दिसताक्षणीच कळते.

आता उपग्रहही वर्दी देतो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे आगीच्या सूचना पाठवत आली आहे, त्या गार्डच्या मोबाइलवर येतात. सध्या वापरात असलेल्या एका संवेदकाचा एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटर लांब-रुंद असतो. म्हणजे सुमारे ३५ एकर. या ३५ एकरांत कुठेतरी आग आहे, इतके उपग्रह सांगतो. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच वरून जातो, आणि मोहाखालची आग दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात लागून विझलेलीही असते. तेव्हा डोळ्यांनी राखण करणारा माणूस अजून लागतोच.

गेल्या जानेवारीत मी आणि माझ्या वर्गातला एक मित्र अशा दोघांनी एक प्रयोग केला. विभागातून दोन प्रिझमॅटिक होकायंत्रे आणि आमच्या भागाचा स्थलदर्शक नकाशा मागून घेतला. पुठ्ठ्याची तबकडी, तिच्यावर अंशांच्या खुणा आणि घोड्याच्या केसाऐवजी शिवणाचा दोरा, असे यंत्रही केले. तो एका टेकडीवर, मी दुसरीवर, मध्ये अंतर साडेतीन किलोमीटर. त्या दिवसांत कापसाची शेते मोकळी होत असतात, धुराला तोटा नसतो. आम्ही मोबाइलवर बोलून एकच धूर निवडला, दोन्ही दिगंश घेतले आणि संध्याकाळी घरी नकाशावर रेषा ओढल्या. छेदबिंदू एका नाल्याच्या वळणावर आला.

बाबा माझ्याबरोबर टेकडीवर आले होते. मी तबकडी फिरवत होतो तेव्हाच ते म्हणाले होते, “थो वनवा नोहे. पऱ्हाटी जाळून राह्यला कोनी.” कोण, तेही त्यांनी नावानिशी सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही चालत जाऊन पाहिले. राख होती ती बाबांनी सांगितलेल्या शेतात. आमचा छेदबिंदू तिथून दोन शेते सोडून होता. पुठ्ठ्याच्या यंत्राला हे काही वाईट नव्हे, असे सरांचे मत पडले.

ओळखले कसे, असे मी बाबांना विचारले. पऱ्हाटीचा धूर एकदम उठतो आणि लवकर बसतो, पाचोळ्याचा आडवा पसरत जातो आणि हलत राहतो, असे ते म्हणाले. यंत्राबद्दल त्यांना आदर वाटला. पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. हा कागद मला मार्चमध्ये काय कामाचा?

तेव्हा आम्ही बसून नकाशावर मोहाची झाडे मांडू लागलो. आमच्याकडे जंगलातली मोहाची झाडे पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत वाटलेली असतात, कोणते झाड कोणाचे हे सगळ्या गावाला ठाऊक असते. प्रत्येक झाडाचा बाबांच्या टेकडीवरून दिगंश किती, हे एकदा लिहून ठेवले की रात्री ठिपका दिसल्यावर अंश वाचायचा आणि कोणते झाड ते कळायचे. मग गार्डला कळवण्याआधी पायवाटेने आधी कोणत्या घरी फोन करायचा, हेही कळायचे. शेजारच्या झाडाच्या मालकाला जागे केले तर दहा मिनिटांत चार माणसे फांद्या घेऊन पोचतात. खात्याची माणसे यायला तास लागतो. आधी कोणाला कळवावे यावर माझे आणि बाबांचे अजून एकमत नाही. माझ्या मते दोन्ही फोन एकाच वेळी झाले पाहिजेत. बाबा म्हणतात, आधी आग, मग कागद.

मी झाडाशेजारी घराचे नाव लिहू लागलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

“नावं नको लिहू,” ते म्हणाले. “नुसता झाडाचा आकडा टाक. कागद कोनाच्याई हाती जाते.”

बाबांना वाचता येत नाही, आकडे मात्र येतात. आतापर्यंत बेचाळीस झाडे झाली आहेत. नाल्यापलीकडची राहिली आहेत, ती टेकडीवरून दिसत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी जागा शोधावी लागेल.